मागचा खिसा

अक्का, काल तुझं तेरावं झालं. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण आपलं भांडण अर्धंच राहिलंय आणि ते आता मी एकटीनं कसं पुरं करायचं, ते तूच सांग. तू जिंकलीस असं मी म्हणणार नाही. तेवढी मी सरळ नाही, हे या घरात सगळ्यांच्या आधी तुलाच कळलं होतं. शिवाय तू एक काम माझ्या गळ्यात घालून गेलीस. ते केलं की नाही, कसं केलं, हेही सांगायला बसलेय.

भांडण कशाचं, तर कपड्यांचं. हसतील लोक. आवडता कपडा विरला, फाटला, जळला की तू जाऊन हुबेहूब तसाच आणायचीस. अण्णांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट कॉलरला विरला की थोड्या दिवसांत खुंटीवर तोच शर्ट, त्याच चौकड्या. तुझ्या त्या नवऱ्याला पत्ताही लागायचा नाही. "या शर्टाचं कापड दणकट आहे हं," असं ते चारचौघांत सांगायचे आणि तू खाली मान घालून ताटं वाढायचीस. माझं सगळं उलट. माझ्या मते आवडतं ते एकदाच असतं. ते गेलं की रडावं, दोन दिवस घरादारावर चिडावं आणि मग काहीतरी अगदी वेगळं घ्यावं. तसंच दुसरं म्हणजे नक्कल. माझ्या आईची तपकिरी शाल इस्त्रीनं जळाली, तेव्हा तू बाजार पालथा घालून तशीच शाल आणलीस. मी तुला काय काय नाही बोलले. "आई पण आण मग दुकानातून," इथपर्यंत गेले. तू म्हणालीस, "थंडी वाजली तर पांघर की. आईची म्हणून नको, शाल म्हणून पांघर." त्या शालीची घडी मी अजून मोडलेली नाही आणि मोडणारही नाही.

पण आज शालीचं राहू दे. आज त्या पिवळ्या फ्रॉकचं बोलायचंय. तो फ्रॉक मी दोन बायकांच्या हातून शिवला जाताना पाहिला. त्या दोघींना मशीनवर बसलेलं पाहिलेली आता मी एकटीच उरलेय. अण्णा आहेत, पण अण्णांनी कधी काही पाहिलंय का?

मी नागपूरहून लग्न करून कानडी मुलखात, बनशंकरीच्या या घरात आले तेव्हा माझी थोरली जाऊ तू नव्हतीस. वसुधावहिनी होत्या. अण्णांची पहिली बायको, ऋताची आई. मला कानडीचा गंध नव्हता. रस्त्यावर कुणी काही विचारलं की मी हसायची आणि लोकांना वाटायचं, बाई थोडी कमी आहे. वहिनींनी मला हाताला धरून भाजीवालीकडे नेलं, "स्वल्प कम्मी माडी", म्हणजे जरा कमी करा, एवढं पाठ करून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढ्यावर आयुष्य निघतं इथं." त्यांना शिवण येत नव्हतं, पण हौस दांडगी. कुणाचं तरी जुनं हातमशीन घेऊन आल्या आणि ऋतासाठी फ्रॉक शिवायला बसल्या. पिवळा, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा. पुढचा भाग कुठला नि मागचा कुठला, याचा असा घोळ झाला की खिसा गेला पाठीवर, कमरेच्या जरा खाली. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

वहिनी तो खिसा उसवायला निघाल्या तर ऋतानं उसवू दिला नाही. तिला तो भलताच आवडला. हात पुरत नाही, आत काय आहे ते दिसत नाही. वहिनी येता-जाता त्यात काहीतरी सारायच्या. गुळाचा खडा, लिमलेटची गोळी, काही नसेल तर शेंगदाणे. आणि ही पोर स्वतःच्या शेपटीमागं लागलेल्या मांजरीसारखी गोल गोल फिरायची. तो त्या दोघींचा रोजचा खेळ होता.

पुढं वहिनी तापानं गेल्या. ऋता चार वर्षांची होती. वर्ष सरलं नाही तोच सगळे म्हणायला लागले, लेकराला आई पाहिजे. फाटलं, नवं आणा, इतकं सोपं. मला असा राग आला होता, अक्का, की तू निपाणीहून माप ओलांडून आलीस त्या दिवशी मी तुझ्याकडे धड बघितलंही नाही. तू मात्र आल्या आल्या मला म्हणालीस, "मला अहोजाहो नको गं. आमच्याकडं अक्काला अहो म्हणत नाहीत." बरं म्हटलं. तेवढंच आपलं बोलणं.

ऋता तुला जवळ येऊ द्यायची नाही. केस माझ्याकडून विंचरून घ्यायची, जेवायला ह्यांच्या मांडीवर बसायची. आणि अंगात रोज तोच पिवळा फ्रॉक. धुतला तर ओलाच मागायची. काखेत विरला, तोकडा झाला, तरी तोच. मग एक दिवस पळता पळता तो फाटकाच्या कडीत अडकला आणि काखेपासून खालपर्यंत टरकला. ती रडलीसुद्धा नाही. फ्रॉक घेऊन पलंगाखाली गेली आणि बाहेर येईना. अण्णांनी झालरीचा फ्रॉक आणला, ह्यांनी परीचा आणला. दोन्ही तिनं पलंगाखालून बाहेर फेकले.

मी मनात म्हटलं, बघू आता नव्या बाई काय करतात. तू पलंगाशेजारी जमिनीवर बसलीस आणि म्हणालीस, "ऋता, फाटला का गं? मला बघायला दे. घेणार नाही, बघून परत देते." आणि खरंच बघून परत दिलास. एवढंच. समजावणं नाही, 'राजा' नाही, 'सोन्या' नाही. ती झोपल्यावर तू तो फ्रॉक हळूच काढून घेतलास, वर्तमानपत्रावर पसरून पेन्सिलीनं कडा उतरवून घेतल्यास आणि पुन्हा तिच्या हातात सरकवलास.

दुसऱ्या दिवशी तू मला चिकपेटच्या कापडबाजारात ओढून नेलंस. त्या गल्ल्यांत आपण पिवळं कापड शोधत किती फिरलो असू. पिवळ्याचे एवढे प्रकार असतात हे मला तिथं कळलं. कुठं ठिपके मोठे, कुठं पिवळा हळदीसारखा भडक. मी वैतागून म्हटलं, "अगं, पिवळा तो पिवळा." तू म्हणालीस, "तिला कळतंय की." शेवटी ठिपके जुळले, पण रंग फार ताजा होता. घरी येऊन तू ते कापड सोड्यात उकळलंस, उन्हात टाकलंस, परत उकळलंस, परत उन्हात. नवीन सुंदर कापड जुनं करायला कुणी एवढी मेहनत घेतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. दारात उभी राहून बघायची आणि तुला दिसू द्यायची नाही.

मग ऋता झोपल्यावर जुना फ्रॉक पुन्हा काढून घेऊन तू मशीनवर बसलीस. तुझ्या हाताला शिवण इतकं सरळ होतं की पट्टी लावून घ्यावी. तू पहिली शिवण घातलीस, जुन्या फ्रॉकशेजारी ठेवून पाहिलीस आणि उसवलीस. दुसरी घातलीस, उसवलीस. मला राहवलं नाही. "काय चुकतंय?" म्हणून विचारलं. "सरळ येतंय गं," तू म्हणालीस. वसुधावहिनींची शिवण नागमोडी होती. तू उजव्या बाजूचा दांडा डाव्या हातानं, अंगावरून हात आडवा नेऊन फिरवायला लागलीस आणि मग ती शिवण बरोब्बर बिघडली. थोडी इकडं, थोडी तिकडं, जशी त्यांची होती तशी. माझ्या अंगावर काटा आला होता अक्का. तेव्हा नाही सांगितलं, आता सांगते.

खिसा मात्र तू नवीन केला नाहीस. जुन्या फ्रॉकचा खिसा अलगद सोडवून नव्याच्या पाठीवर लावलास. मी म्हटलं, "आता तरी पुढं लाव. निदान एक चूक तरी दुरुस्त कर." तू म्हणालीस, "ती चूकच तर तिला आवडती."

तो फ्रॉक तू तिच्या हातात दिला नाहीस. दोरीवर बाकीच्या कपड्यांत वाळत घातलास आणि स्वयंपाकघरात निघून गेलीस. ऋता आली. बघितलं, वास घेतला, उलटा केला, पाठीमागं खिसा चाचपला. आत गुळाचा खडा होता. ती तशीच तुझ्याकडे आली आणि म्हणाली, "आईनं शिवला?" मी मनात म्हटलं, हो म्हण, अक्का, हो म्हणून टाक, पोर खूश होईल. तू म्हणालीस, "आईनं शिवलेला फाटला. हा मी शिवला, आईनं शिवला होता तसा." तिनं खिसा परत एकदा चाचपला. मग अंगातलं काढून तो फ्रॉक चढवला आणि तुझ्याकडे पाठ करून उभी राहिली. बटणं लावायला. तोवर तिनं तुला केसालाही हात लावू दिला नव्हता. तू पिठाचे हात पदराला पुसलेस आणि एकेक बटण लावलंस, सावकाश, संपूच नये तसं.

त्यानंतर दर वर्षी. ती वाढायची, फ्रॉक वाढायचा. तेच ठिपके, तीच वेडीवाकडी शिवण, तोच पाठीवरचा खिसा आणि खिशात काहीतरी. केव्हातरी तिनं तुला आई म्हणायला सुरुवात केली. केव्हा, ते आपल्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं. शेजारच्या बायका मला विचारायच्या, तुमच्या अक्कांना सगळं शिवता येतं, मग खिसा कळत नाही का? मी त्यांना काय सांगणार. तुला मात्र मी टोचायची. "अगं, तुझं स्वतःचं काही शिव की तिला. जन्मभर दुसरीच्या चुका गिरवत बसणार का?" तू एकदा उत्तर दिलंस. "कपडा फाटला मंगल, आवड फाटली नाही ना. मग मी कोण मध्ये येणारी?" मी म्हटलं, हे काही पटत नाही मला. तू म्हणालीस, "सरी, नको पटू दे." आणि पोळ्या लाटायला लागलीस. असा राग यायचा मला तुझ्या त्या 'सरी'चा, कानडीतल्या 'बरं'चा. भांडायला आलेल्या माणसाला तू 'सरी' म्हणून वाटेला लावायचीस.

तुला रडताना मी या कपड्यांवरून एकदाच पाहिलं. खिसाच विरला तेव्हा. तो सुईलाही धरेना. तू तो हातावर घेऊन खिडकीशी बसली होतीस. म्हणालीस, "आजपर्यंत खिसा तरी तिचा होता गं. आता ह्यात तिचं काहीच उरलं नाही." मग तू नवा खिसा कापलास आणि लावून झाल्यावर माझा हात धरलास. "ऋता लहान आहे, विसरंल. पहिला कुणी शिवला ते तिला विसरू देऊ नकोस. मी सांगत बसले तर तिला वाटंल, आई उपकार मोजून दाखवायली. तू दोघींना बघितलंयस. तू सांग." मी हो म्हटलं. त्या वेळी 'हो' म्हणणं किती सोपं असतं.

आणि मग मी सांगितलंच नाही. आज सांगू, उद्या सांगू. ऋता मोठ्या शाळेत गेली, फ्रॉक संपले, जीन्स आल्या, कॉलेज झालं, महादेवपुऱ्यात नोकरी लागली. तिला सांगायला निमित्तच मिळेना आणि तू कधी आठवण केली नाहीस. कधी कधी मला वाटायचं तूही विसरलीस. तू काय विसरणार म्हणा.

परवा ऋताच्या ऑफिसची मंडळी भेटायला आली होती. ती त्यांना तुझ्याबद्दल सांगत होती, हिंदीत, मध्ये मध्ये इंग्रजीत. हसत होती, डोळे पुसत होती. "माझी आई शिवणात एकदम परफेक्ट. पण माझ्या फ्रॉकला खिसा मात्र पाठीवर. एव्हरी सिंगल टाइम. पहिल्या फ्रॉकपासून. ती तिचीच आयडिया." सगळे हसले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात तशीच थांबले. पहिल्या फ्रॉकपासून. तिच्या मनातून वसुधावहिनी पार पुसल्या गेल्या होत्या, अक्का, आणि त्यांच्या जागी तू होतीस. जे होऊ नये म्हणून तू ते डाव्या हातानं शिवत बसलीस, तेच होऊन बसलं होतं.

खरं सांगू? माझा पाय निघेना. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तुझं कौतुक तुझ्या नावावर करत होतं. पाठीवरचा खिसा तुझा झाला तर कुणाचं काय बिघडत होतं? वहिनींच्या माहेरचंही आता कुणी उरलं नाही. तुला जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि मीच उठून तुझ्या हातून तो फ्रॉक काढून घ्यायचा? मी दुपारपर्यंत तुझ्याशी मनात भांडले. म्हटलं, नाही सांगणार, काय करणार आहेस? तू काय केलं असतंस ते मला माहीत होतं. 'सरी' म्हणून गप्प बसली असतीस, आणि तेच मला सहन होईना.

मग दुपारी ऋता गच्चीवर कपडे काढायला गेली, तिच्या मागून मी गेले. म्हटलं, "ऋता, तुझ्या आईनं मला एक सांगायला सांगितलंय. तुझा पहिला फ्रॉक तिनं शिवला नव्हता. वसुधावहिनींनी शिवला होता. तुझ्या पहिल्या आईनं."

ती म्हणाली, "काकू, पहिली आई होती ते माहितीय मला. फोटो आहे ना हॉलमध्ये. पण फ्रॉक आईच शिवायची. खिसा मागं लावायची."

"वहिनींनी लावला होता मागं. चुकून. तुझी आई नंतर प्रत्येक वेळी लावायची. मुद्दाम."

ती हातातले कपडे घेऊन टाकीच्या कठड्यावर बसली. मग मी सगळं सांगितलं. चिकपेट, सोडा, ऊन, डावा हात, विरलेला खिसा.  ती म्हणाली, "शिवण वाकडी यायची ते मला आठवतंय. मला वाटायचं, आईला घाई असायची." आणि मग रडली. मला भीती होती की तू तिच्या नजरेत थोडी कमी होशील. किती खुळी मी. ती माझा दंड धरून विचारत राहिली, "मुद्दाम? खरंच मुद्दाम?" आणि मला दिसत होतं, की जे मी त्या दारात उभी राहून पाहिलं होतं ते तिला आज दिसतंय. तुझ्या लेकीच्या चेहऱ्यावर काय होतं ते तू बघायला हवं होतंस. माणूस एवढं मोठं असू शकतं, याचा तिला धक्काच बसला होता.

शांत झाल्यावर तिनं विचारलं, "त्या कशा होत्या?" मी सांगायला लागले. भाजीवालीचं सांगितलं, हातमशीनचं सांगितलं, हसायच्या कशा ते सांगितलं, खिशात गूळ सारून आपण त्या गावच्याच नाही असा चेहरा करून कशा उभ्या राहायच्या ते सांगितलं. तिला काही आठवत नव्हतं. तरी ती पुन्हा पुन्हा विचारत होती, अजून सांगा, अजून सांगा. खाली सगळे चहाला खोळंबले होते.

काल तेराव्याचं पान वाढायची वेळ आली. ऋता म्हणाली, मी वाढते. केळीचं पान मांडलं, पाणी फिरवलं, आणि कुणाला न विचारता त्याच्या शेजारी दुसरं पान मांडलं. गुरुजी थांबले. हे कुणाचं म्हणून विचारलं त्यांनी.

"आईचं," ती म्हणाली.

"आणि हे?"

"तेही आईचंच."

गुरुजींनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान खाली घातली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या दिरांना मी रडताना पाहिलं. ऋतानं भाताचं पातेलं उचललं. पहिली मूद तिनं तुझ्या पानावर वाढली नाही, अक्का. वसुधावहिनींच्या पानावर वाढली आणि मग तुझ्या. कुणी सांगितलं नव्हतं तिला. तू असतीस तर तूही तसंच वाढलं असतंस.